ताई, दुसरी खोली पास झाली

ताई, दुसरी खोली पास झाली. तपासणीला आलेली माणसं सही करून गेली, काल त्यांचा मालही येऊन पडला. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला द्यायची होती, तिथेच पंचाईत झाली. सही झाल्याबरोबर मी सवयीने फोन काढला, तुमचं नाव शोधलं आणि मग फोन तसाच पर्समध्ये टाकला. नरेश शेजारीच उभा होता.

तुम्हाला जाऊन अजून पुरता महिना झालेला नाही. घरी भेटायला येणारे तुमच्याबद्दल बोलतात ते ऐकून मला कधी कधी वाटतं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. फार शांत होत्या म्हणे. सोशिक होत्या. सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. तुम्ही कधी कुणाचं ऐकून घेतलंत, ताई? माझं तर नाहीच. नणंद-भावजयांची भांडणं सगळ्या गावाला कळतात, आपली कुणाला कळली नाहीत, कारण ती एखाद्या अंशावरून व्हायची. खोलीत चार होतं की साडेचार, यावर आपण जेवण थंड होईस्तोवर वाद घातलेत. आई ताटावरची माशी हाकत बसायच्या आणि म्हणायच्या, या दोघींना कोनी सांगा रे, भात पन थंड होतो.

मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी. बाबा कोकणातून नोकरीसाठी आलेले, घरात सगळं मोजूनमापून. नरेशशी लग्न होऊन कामणला आले तेव्हा समोर भाताची खाचरं होती आणि खाचरांच्या पलीकडून गोदामं हळूहळू पुढे सरकत होती. घरात तुम्ही, नरेश, आई आणि अण्णा. तुमचं वसईला औषधाचं दुकान होतं. गावातून फार्मसी शिकलेल्या तुम्ही पहिल्या. लग्नाचं राहूनच गेलं, असं तुम्ही हसून सांगायचात, आणि त्यापुढे कुणी विचारायची सोय ठेवायचा नाहीत. मला तुमची जरा भीतीच वाटायची. दुकानात तुमची भाषा छापील असायची, घरी आलात की सगळे ण गळून पडायचे आणि तुम्ही आईंसारख्या पानी मागायचात. ती भीती पहिल्यांदा गेली ती अण्णांच्या इन्सुलिनमुळे.

आठवतंय ना? त्या थंडीत अण्णांची साखर काही केल्या खाली येत नव्हती. सुई वेळेवर, पथ्य कडक, तरी पायाची जखम भरेना. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तरी तेच. आईंनी तर देवाला बोलून ठेवलं. तुम्ही एकदा इन्सुलिनची बाटली काढायला फ्रीज उघडलात आणि तशाच उघड्या दारासमोर उभ्या राहिलात. बाटली अगदी मागे, बर्फाच्या कप्प्याला टेकून होती. कुणीतरी भाजी ठेवताना मागे सरकवली असणार. तुम्ही मला हाक मारून विचारलंत, तुमच्या कारखान्यात तापमान मोजायचं काहीतरी असतं ना? मी तेव्हा वसई पूर्वेला एका कारखान्यात यंत्रांवरची मापकं बसवायचं काम करत होते. दुसऱ्या दिवशी मी तिथून बारीक तारेचं एक मापक आणलं आणि आपण ते त्याच जागी चिकटवून ठेवलं. सकाळी पाहिलं तर शून्याच्याही खाली गेलेलं. बाटली दिसायला अगदी धड होती. आतलं औषध मात्र गोठून पुन्हा वितळलेलं.

तुम्ही नवी बाटली आणून मधल्या कप्प्यात ठेवलीत. थोड्याच दिवसांत अण्णांची साखर ताळ्यावर आली, मग जखमही भरली. अण्णा पुढे कितीतरी वर्षं शेताच्या बांधावरून फिरले. पण तुम्ही त्यानंतर पूर्वीसारख्या राहिला नाहीत. उन्हात ठेवलेलं औषध बिघडतं हे सगळ्यांना कळतं, तुम्ही म्हणालात, पण थंडीनं मेलेलं औषध कोनाला कळत नाय. गरम झालं तर लोक घाबरतात. गार झालं तर म्हनतात, बरंय, चांगलं टिकेल.

नरेशने बांधलेला गाळा त्याच सुमारास रिकामा झाला. पुठ्ठ्याची खोकी करणारा एक जण तो घ्यायला तयार होता आणि घरात सगळ्यांना ते पसंत होतं. तुम्ही जेवताना सहज सांगितलंत की तिथे औषधांसाठी थंड खोली करायची. नरेश हसला. मग त्याच्या लक्षात आलं की तुम्ही हसत नाही आहात. तुम्ही दुकान दिलंत चालवायला, मी नोकरी सोडली. आपल्याला वेड लागलंय असं माझ्या आईने विरारहून फोन करून मला सांगितलं.

खोली उभी राहिली. दारावरच्या आकड्यात पाच. सकाळी पाच, दुपारी पाच. औषधांना लागतात त्या दोन ते आठ अंशांच्या मधोमध, आणखी काय हवं? मी खूश होते. तुम्ही विचारलंत, हा आकडा कुठला? मी म्हटलं, खोलीचा. तुम्ही म्हणालात, खोलीचा नाय, दाराजवळच्या त्या वीतभर जागेचा. मग तुमच्या हट्टापायी आपण खोलीभर लॉगर लावले. काड्यापेटीएवढी ती यंत्रं, ठरावीक वेळाने तापमान टिपत राहणारी. कोपऱ्यात, छताजवळ, जमिनीलगत, दाराशी, गार हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या तोंडाशी. खोली रिकामी असताना एकदा, खोकी भरून एकदा. मे महिन्याच्या काहिलीत एकदा, थंडीत पुन्हा.

आणि सापडलं. ब्लोअरखालच्या वरच्या फळीवर, थंडीतल्या सकाळी, दाराशी पाच असताना तिथे दोनच्याही खाली. अण्णांच्या फ्रीजचा मागचा कप्पा आपण पुन्हा एकदा, मोठा करून बांधला होता. मला स्वतःच्या मापकांची लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगू, मला फार आनंद झाला होता. तुम्हालाही. तुम्ही त्या फळीला जाळी मारून घेतलीत आणि ती कायमची रिकामी ठेवलीत. मग आपण एक जास्तीचा सेन्सर तिथे लावला, ब्लोअरचा झोत वळवला. तरी फळी रिकामीच. जागा वाया जाते म्हणून नरेश कुरकुरायचा. तुम्ही त्याला म्हणायचात, तुझ्या पोराची लस ठेवशील का तिथे?

आपला मोठा वाद त्यानंतरचा. मी सगळे सेन्सर फोनला जोडले. कुठेही अर्धा अंश हलला तर तुमच्या, माझ्या आणि नरेशच्या फोनवर घंटा. मला वाटलं होतं तुम्ही कौतुक कराल. तुम्ही घंटा ऐकलीत, छान आहे म्हणालात आणि हातात साधं मापक घेऊन फेरीला निघालात. सकाळ-संध्याकाळ, रोज. मी एकदा चिडून म्हटलं की तुमचा माझ्या कामावर विश्वास नाही. तुम्ही म्हणालात, तुझ्या कामावर आहे, माझ्या आळसावर नाय. घंटा वाजत नाय म्हनून सगळं बरं आहे, असं एकदा वाटायला लागलं की संपलं. मी म्हटलं, हे काही उत्तर झालं नाही. ताई, अजूनही नाही झालं. एवढी चांगली यंत्रणा असताना दिवसातून दोनदा दार उघडून आत जाणं म्हणजे उलट बाहेरची ऊब आत नेणं, हे माझं म्हणणं तसंच उभं आहे. तुम्ही त्याला उत्तर न देता गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

आणि ती गाडी. तुमची आठवण काढायला बसले की मला पहिली तीच आठवते.

थंडीचे दिवस होते. मुंबईच्या एका मोठ्या वितरकाचं इन्सुलिन आपल्याकडे यायचं, त्यांचे व्यवस्थापक दळवी. आपल्या खोलीतला निम्म्याहून अधिक माल त्यांचाच. गाडी उत्तरेकडून हायवेने आली. चालकाने गाडीतल्या तापमानाची पट्टी काढून दिली, सगळा प्रवास चारच्या आसपास. मी सही करणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, पुढच्या रांगेतली खोकी उघड. खोक्यांत छोटी कार्डं असतात, माल गोठला तर त्यांच्यावर फुली उमटते. गाडीच्या ब्लोअरखालच्या दोन खोक्यांत फुली होती.

दळवी फोनवर नम्रपणेच बोलत होते. गाडीचा सगळा रेकॉर्ड स्वच्छ आहे, दोन कार्डं बिघडलेली निघाली म्हणून अख्खा माल अडवणार का, दुकानांत इन्सुलिन संपत आलंय. तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग तुमचे ण गेले, तेव्हा मला कळलं की आता तुम्ही हलणार नाही.

"गाडी म्हनते चार, कार्डं म्हनतात गोठलं," तुम्ही म्हणालात. "दोघांतलं कोन खोटं बोलतं ते कळेपर्यंत यातली एक बाटली माझ्याकडून बाहेर जानार नाय."

फोन ठेवल्यावर मी तुमच्याशी भांडले. माझं म्हणणं होतं की पुढची रांग तेवढी अलग ठेवू, मागच्या मालाला काही झालेलं नसणार, गाडीतला झोत तिथवर पोचतच नाही. लोकांना औषध हवंय हेही खरं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "नसनार म्हनजे? तू बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. आपण सगळा माल लाल पट्टी बांधून बाजूला ठेवला, उत्पादक कंपनीला कळवलं, नमुने तपासणीला गेले. दळवींनी उरलेला माल आठवडाभरात दुसरीकडे हलवला.

ती खोली तशी रिकामी मी आधी कधी पाहिली नव्हती. दारावर पाच, आत जेमतेम काही खोकी. पुठ्ठेवाल्याने पुन्हा निरोप धाडला, नरेशने तो तुम्हाला सांगितलाही नाही, मला सांगितला. एका दुपारी मी आत आले तर तुम्ही रिकाम्या रॅकच्या मधोमध उभ्या होतात. काय करताय विचारलं तर म्हणालात, काय नाय, झोत बघते. तुमच्या हातात मापक नव्हतं. तुम्हाला भीती वाटत होती, ताई. मला दिसत होतं. मी तुमच्याशेजारी थोडा वेळ उभी राहिले, मग आपल्या दोघींच्या तोंडातून वाफ निघायला लागली आणि तुम्ही म्हणालात, चल, चहा घेऊ. मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं की हे सगळं बुडालं तरी मला चालेल, नोकरी सोडल्याचं मला वाईट वाटत नाही. हे मी तुम्हाला नंतरही कधी सांगितलं नाही. आज सांगते.

अहवाल आला. पुढच्या रांगेतला माल खराब झाला होता. पेटीवरून, बाटलीवरून, रंगावरून कुणालाही कळलं नसतं. तो कुणाच्या तरी अण्णांना टोचला गेला असता. मागचा माल उत्तम होता. तो लगेच दुकानांत गेला. तुम्ही अहवाल माझ्यासमोर ठेवून म्हणालात, अर्धं तुझं बरोबर निघालं. मी म्हटलं, अर्ध्याहून जास्त. तुम्ही म्हणालात, न बघता बरोबर आलेलं उत्तर मी धरत नाय. आणि मग आपण दोघी इतक्या हसलो की रडणं समजून नरेश ऑफिसातून बाहेर आला, कोण गेलं विचारायला.

उत्पादक कंपनीची माणसं पुढच्या महिन्यात स्वतः आली. त्यांना खोली बघायची होती. ती जाळी मारलेली फळी बघून त्यांच्यातला एक जण थबकला. त्याने विचारलं, तुम्ही त्याला खाली बसवून सगळं समजावलंत, अण्णांच्या फ्रीजपासून. जाताना त्यांनी कंपनीचा माल थेट आपल्याकडे ठेवायचं ठरवलं. थोड्या दिवसांनी दळवींचाही फोन आला. माल परत आणायचा म्हणाले, आणि त्याआधी गाड्यांत सेन्सर कुठे बसवायचे ते सांगाल का, असं विचारलं. तुम्ही त्यांना एका शब्दाने मागचं काही ऐकवलं नाहीत. मला मात्र ऐकवायचं होतं. परवा ते तुम्हाला भेटायला, म्हणजे आम्हाला भेटायला आले. ओटीवर बसून आईंना म्हणाले, आमच्या प्रत्येक गाडीत आता ब्लोअरखाली एक सेन्सर असतो, आमची पोरं त्याला ताईंचा सेन्सर म्हणतात. आईंना सेन्सर म्हणजे काय ते कळलं नाही. ताईंचा, एवढं कळलं.

दुसरी खोली त्यातूनच उभी राहिली. जागा पुरेना म्हणून. पहिलीत जे चुकलं होतं त्यातलं काहीही आपण दुसरीत होऊ दिलं नाही. दोन कॉम्प्रेसर, झोत सगळीकडे सारखा, दारापुढे आणखी एक छोटी खोली. त्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः शिडीवर चढून शेवटचा लॉगर छताजवळ लावलात. मी खालून ओरडत होते की उतरा, मी लावते. तुम्ही जेवायला घरी गेलात, आईंना म्हणालात छाती जड वाटते, आणि वसईच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही नव्हतात. नरेश गाडी चालवत होता. तो फोनवर नुसता माझं नाव घेत राहिला.

लॉगर मात्र चालू होते. ते काढायचं कुणाला सुचणार? काही दिवसांनी मी ते उतरवले आणि संगणकाला जोडले. सगळ्या रेघा पडद्यावर आल्या. तुम्ही गेलात ती दुपार, माणसं जमली ती संध्याकाळ, तुम्हाला स्मशानात नेलं ती वेळ, सगळी त्यात होती. आणि रेघा सरळ. छताजवळची, जमिनीलगतची, कोपऱ्यातली, सगळ्या एकमेकींना धरून, पाचच्या आसपास. पहिल्या खोलीला एवढ्या सरळ रेघा कधी मिळाल्या नव्हत्या. मी रडले तेव्हा, पण ताई, अभिमानाने पण रडले. इतकं चांगलं काम आपण याआधी केलेलं नव्हतं.

तपासणी तुमच्या दहाव्याच्या आधी आली. तारीख आधीच ठरलेली, कंपनीची माणसं लांबून येणार. नरेश म्हणाला पुढे ढकलू, सुतक आहे, लोक काय म्हणतील. मीही होच म्हणत होते. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तिचंच काम हाय ना ते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग जा तू. सुतक घराला हाय, त्या खोलीला नाय."

मी गेले. तपासणीला एक तरुण बाई होती आणि तिच्याबरोबर एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी सगळ्या रेघा पाहिल्या, मग म्हणाले, आता वीज तोडा. नरेशने मुख्य बटण पाडलं. पंख्यांचा आवाज थांबला आणि मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. जनरेटर त्यांनी मुद्दाम चालू करू दिला नाही. खोली नुसती भिंतींच्या जोरावर किती तग धरते ते त्यांना बघायचं होतं. आकडे अगदी हळू सरकत होते. मग जनरेटर. मग दार उघडं ठेवून परीक्षा. बाहेर मेचं ऊन. दाराजवळचा आकडा सहा झाला, साडेसहा झाला, सातला पोचला. मी ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. सातच्या जरासा वर जाऊन तो थांबला. दार लावलं आणि तो उतरायला लागला, घाई नाही, गडबड नाही. कोपऱ्यातल्या सेन्सरांना तर पत्ताच लागला नाही की दार उघडलं होतं.

त्या तरुण बाईने विचारलं की ब्लोअरजवळची फळी इथेही रिकामी का, इथे तर आकडे चांगले आहेत. मी म्हटलं, आमच्या ताईंची पद्धत आहे. तिने विचारलं, त्या आहेत का इथे, भेटता येईल का? त्या वयस्कर गृहस्थांना ठाऊक असावं, त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. मग मीच सांगितलं. आणि तुमच्याबद्दल बोलताना माझा आवाज फुटला नाही, उलट चढला. मी अण्णांचा फ्रीज सांगितला, ती गाडी सांगितली, फुलीची कार्डं सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सही केली. वयस्कर गृहस्थ म्हणाले की इतकी एकसारखी खोली त्यांनी फार कमी पाहिली आहे.

काल माल भरला गेला. संध्याकाळी आई म्हणाल्या, मला ने तिथे. इतक्या वर्षांत त्या कधी आत आल्या नव्हत्या, सांधे दुखतात म्हणून. मी त्यांच्या लुगड्यावरून माझा जाड कोट चढवला, डोक्याला शाल बांधली आणि हाताला धरून आत नेलं. त्या रॅकमधून हळूहळू चालल्या. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारत होत्या, यात काय, त्यात काय. मी सांगत होते. यात बाळांच्या लशी, त्यात अण्णा घ्यायचे तसली औषधं, पलीकडे डोळ्यांचे थेंब. त्यांनी वर छतापर्यंत रचलेली खोकी पाहिली.

"एवढ्या लोकांचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो आई.

त्यांनी एका खोक्यावर हात ठेवला, तुमच्या पाठीवर ठेवायच्या तसा. बराच वेळ. मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "चांगलं केलंस गो बाय." आणि माझ्याकडे वळून, "चल आता. दार नीट लाव, थंडी जाते."